वहिनीला बदाम

आमच्या सासूबाईंच्या तोंडून सासऱ्यांचं नाव कधी कोणी ऐकलेलं नव्हतं. जेवायला बोलवायचं तर त्या ताटावर वाटी आपटायच्या. आबा बाल्कनीत असले तर जरा जोरात आपटायच्या. दवाखान्यात खिडकीवरच्या मुलीनं पेशंटचं नाव विचारलं की आई माझ्याकडे बघायच्या आणि नाव मी सांगायचे. मी माझ्या नवऱ्याला सरळ नावानं हाक मारते, आणि दिवसातून इतक्यांदा मारते की त्याला ती आता ऐकूच येत नाही. त्यामुळे कुणाची पद्धत जास्त कामाची, यावर मी काही बोलत नाही.

उखाण्यांच्या पुस्तकात नावाच्या जागी टिंबं असतात. मीही इथे टिंबंच देणार आहे. ज्या नावासाठी घरात एवढं रामायण झालं, ते मी फुकट कशाला छापू?

आबा कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी टोळीचे मुकादम होते. ट्रकमधून सळया आणि पत्रे उतरवणाऱ्या माणसांना कामाला लावायचं, भांडणं सोडवायची आणि सगळ्यांच्या वर आवाज ठेवायचा, हे त्यांचं आयुष्य. रिटायर झाले तरी सकाळचा चहा बाजारातल्या टपरीवरच. तिथे त्यांना मुकादम म्हणतात, बिल्डिंगमध्ये आबा म्हणतात आणि बँकेत आडनावानं बोलावतात. नावानं हाक मारणारा एकच माणूस उरला होता, साताऱ्याकडे गावी राहणारा त्यांचा थोरला भाऊ. रविवारी त्याचा फोन यायचा. आबा फोन स्पीकरवर टाकायचे आणि पलीकडून पहिल्यांदा नुसतं नाव यायचं, एका शेतातून दुसऱ्या शेतात हाक मारावी तसं. आबा म्हणायचे, "ओ दादा." मग पाऊसपाणी, म्हैस, गुडघे वगैरे. दिवाळीनंतर तो भाऊ गेला. पुढचे कितीतरी रविवार आबा फोन चार्जिंगला लावून शेजारी बसून राहायचे.

संक्रांतीला आमच्या वसाहतीच्या महिला मंडळानं ऑनलाइन उखाणा स्पर्धा काढली. प्रत्यक्ष हळदीकुंकवाला बायका येतात, वाण घेतात आणि उखाणा म्हणायची वेळ आली की चप्पल शोधायला लागतात, असा मंडळाचा अनुभव होता. म्हणून घरीच व्हिडिओ काढायचा, मोबाइलवर खास त्यासाठी केलेल्या ग्रुपमध्ये टाकायचा आणि लोकांनी मत द्यायचं. ग्रुपमध्ये कोणालाही घेता येत होतं. परीक्षक नव्हते, कारण मागच्या वर्षीच्या परीक्षक बाईंशी निम्म्या बायका अजून बोलत नव्हत्या. मत म्हणजे व्हिडिओखाली लाल बदाम. फक्त बदामच धरला जाईल, असं मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी ठळक अक्षरात लिहिलं होतं. अंगठा नको, कारण अंगठ्याचा अर्थ आमच्याकडे 'वाचलं, पण मेंटेनन्स भरणार नाही' असा होतो. पहिलं बक्षीस एअर फ्रायर.

त्या स्पर्धेत आबांनी आईंचं नाव परस्पर देऊन टाकलं.

आईंना ते कळलं. त्या दिवसापासून ताटावरची वाटी वाजायची बंद झाली. भूक लागली की आबा आपणहून ओट्याशी येऊन उभे राहायचे, आणि आई त्यांच्याकडे बघून, आता हे कोण आलं, असा चेहरा करायच्या. शेवटी मीच आबांना बाल्कनीत गाठून विचारलं की हे काय काढलंत. ते आधी म्हणाले, तुझ्या सासूला तो फ्रायर मिळावा म्हणून. तेलाशिवाय तळण ही कल्पनाच ज्या बाईला अपमानाची वाटते तिच्यासाठी फ्रायर, हे मला पटलं नाही आणि तसं मी सांगितलं. आबांनी खाली उभ्या ट्रककडे बघत कठड्यावर बोटं वाजवली.

"दादा गेल्यापासनं मला नावानं हाक मारनारं कोन राह्यलं नाय बघ," ते म्हणाले. "हिच्या तोंडून एकदा ऐकावं म्हनलं. लग्नात घेतलंवतं म्हनती. पन तवाच नेमका ब्यांड वाजला."

मला भरून आलं. माझा स्वभाव तसा भरून येण्यातला नाही, त्यामुळे मी घाईघाईनं म्हटलं की बघते, आणि आत जाऊन आईंना एवढंच सांगितलं की समोरच्या बिल्डिंगमधल्या मावशी पण स्पर्धेत आहेत.

या मावशी मूळच्या इथल्या, खाडीकाठच्या जुन्या गावातल्या. शेती शहरात गेली, आता बिल्डिंगी आहेत, आणि गोतावळा एवढा की त्यांच्याकडचं लग्न म्हणजे रस्ता बंद. आईंची आणि त्यांची मैत्री होती, पण गच्चीवर वाळवणाची उन्हातली जागा कोणाची, हा प्रश्न मैत्रीच्या वरचा होता. आईंनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "मोबाइल आन."

उखाणा त्यांनी स्वतः रचला. पुस्तकातला नको, तो समोरची पण म्हणेल.

"लोखंडाच्या बाजारात क्रेनला मोठा हूक,
…रावांच्या डब्याला मी कधी केली नाय चूक."

मला तो फार आवडला. आबांनी मात्र, एकदा मीठ विसरली होतीस, असं म्हणून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. त्यांची समजूत अशी की बायकोनं खरं तेच म्हणावं, कारण रेकॉर्डिंग होतंय.

शूटिंग हॉलमध्ये ठेवलं. आईंनी ठेवणीतली जांभळी साडी नेसली, नथ घातली, हातात तिळगुळाची वाटी. आबा सोफ्यावर, कॅमेऱ्यात न येता पण ऐकू येईल अशा अंतरावर, पाठ ताठ करून बसले. माझ्या नवऱ्यानं फोन धरला. पहिल्या वेळी आई 'हूक'पर्यंत छान आल्या, थांबल्या, आणि 'ह्यांच्या डब्याला' म्हणाल्या. हे चालणार नाही, असं आम्ही सांगितलं. दुसऱ्या वेळी नावाच्या जागी खोकला आला. मग त्यांनी पाणी घेतलं, आणि खाली ट्रक रिव्हर्स घेत होता म्हणून आम्ही तो जाईपर्यंत थांबायचं ठरवलं. आमच्या खिडकीखाली ट्रक जाईपर्यंत थांबायचं म्हणजे जन्मभर थांबावं लागेल. तेव्हा आई म्हणाल्या, राहू दे, घे आता. त्या 'हूक'वर थांबल्या. नाकातली नथ सारखी केली. तिळगुळाच्या वाटीकडे बघितलं. आणि खाली एका ट्रेलरनं लांबलचक हॉर्न दिला, त्या हॉर्नमध्ये आईंचे ओठ हलले, आणि हॉर्न संपला तेव्हा त्या 'रावांच्या डब्याला' येऊन पोचल्या होत्या.

"घेतलंस का?" आबांनी विचारलं.

"घेतलं की. तुमालाच ऐकू येत नाय."

पुन्हा काढू म्हटलं तर साडी बदलायला निघून गेल्या. या बाईनं हॉर्नची वाट बघितली, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. लग्नातला तो बँड आपोआप वाजला असेल, याबद्दलही मला आता शंका आहे.

व्हिडिओ ग्रुपवर गेला आणि गाजला. 'हॉर्नरावांच्या डब्यात आज काय' असं कोणीतरी लिहिलं. नाव काय असेल यावर बायकांनी अंदाज बांधले. समोरच्या मावशींच्या व्हिडिओत त्यांचे मिस्टर मागे कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि मावशींनी त्यांचं नाव असं घेतलं की ते दचकले. त्याखाली संध्याकाळपर्यंत बदामांचा खच पडला. गोतावळा कामाला लागला होता.

आबा काही कमी नव्हते. दुसऱ्या दिवशी ते बाजारात गेले ते जेवायलाच आले. टपरीवर, वजनकाट्यावर, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात, जो सापडेल त्याचा फोन मागून घ्यायचा आणि त्याला ग्रुपमध्ये घालायचं. आपली माणसं आहेत, मत पडल्याशिवाय राहायचं नाही, अशी त्यांची खात्री. आणि खरंच, आईंच्या व्हिडिओखाली बघता बघता आकडा फुगला. आई हातातलं काम टाकून दर थोड्या वेळानं माझा फोन मागायला लागल्या. ज्या बाईला स्पर्धेत ओढून आणावं लागलं होतं, ती आता भाजी परतता परतता, समोरचीचं कुठवर आलं, असं विचारत होती. एअर फ्रायर ठेवायला ओट्यावर जागा पण झाली.

मग लिफ्टसमोर मावशी भेटल्या आणि हसतच म्हणाल्या, "तुमची मानसां देवलान आल्यासारकी हात जोरतान गो."

मी घरी येऊन नीट बघितलं. आईंच्या व्हिडिओखाली ओळीनं जोडलेले हात होते. सगळा लोखंड बाजार आईंना नमस्कार करून गेला होता. बदाम मोजायला एका हाताची बोटं पुरली असती, आणि त्यात एक माझा होता. जोडलेले हात धरणार नाही, असं सेक्रेटरीबाईंनी पुन्हा एकदा, आणखी ठळक करून लिहिलं होतं.

आईंना हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला, आणि मला त्या सेक्रेटरीबाईंचा मनापासून राग आला. एवढा नमस्कार जिला मिळाला तिला दोन-चार मतं म्हणजे काय न्याय झाला? आबा म्हणाले, टेन्शन घेऊ नको, फोन करतो. मतदान त्याच दिवशी दिवेलागणीला बंद होणार होतं. ते सोफ्यावर बसले, फोन स्पीकरवर ठेवला, आणि टोळीतल्या माणसांना एकेकाला लावत सुटले. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होत्या. थापण्याचा आवाज हळू झाला होता, म्हणजे ऐकत होत्या.

कोणी तयार होईना. एक म्हणाला, बदाम पोरंपोरी देतात एकमेकांना. दुसरा म्हणाला, माझी बायको ह्याच ग्रुपात आहे. आबांनी आवाज चढवला, मी मुकादम आहे म्हणाले. शेवटी त्यांच्या टोळीतला सगळ्यात जुना माणूस फोनवर आला. तो म्हणाला, "मुकादम, वयनीच्या हातचं आमी जेवलोय. वयनीला बदाम कसा द्यायचा? हात जोडलं की." आबा म्हणाले, अरे पण ते मत धरत नाहीत. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग तुमी सोता काय दिलंय, ते बगा की आधी."

भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

मी फोन हातात घेऊन कोणी काय दिलंय ती यादी उघडली. बोटानं ती खाली सरकवायचीही गरज पडली नाही. अगदी वरच, जोडलेल्या हातांसमोर, आबा.

आई दारात आल्या होत्या, कोपरापर्यंत पीठ. "तुमीबी हात जोडलं?" त्या म्हणाल्या.

आबा म्हणाले, टोळीतले सगळे बघतात, या वयात बदाम म्हणजे लोक काय म्हणतील, आदर म्हणून दिलं. बोलता बोलता ते उठले आणि बाल्कनीत गेले. ट्रक उतरवताना ज्या माणसापुढे कोणी तोंड उघडत नव्हतं तो कठड्याला टेकून, आपलं कोणी बघत नाही ना, असं बघत होता. मला हसू आलं, आणि आईंकडे बघून ते गिळलं. नथ घालून साऱ्या वसाहतीसमोर उभी राहिलेली बाई होती ती. त्यांचे डोळे भरले होते. त्या आत गेल्या. वाटी वाजली नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला.

आणि मग आतून नाव आलं.

सणसणीत आलं. पुढे काही नाही, मागे काही नाही, राव नाही. त्या क्षणी खाली एक ट्रक हॉर्न देत होता. त्या हॉर्नला खाली दाबून ते हॉलमधून बाल्कनीपर्यंत गेलं. त्याच्या मागोमाग, "बदाम द्यायला लाज वाटती व्हय?" असंही काहीतरी आलं, पण ते कोणी नीट ऐकलं नाही.

"ओ," आबा म्हणाले.

विचार करून म्हटलेलं नव्हतं ते. रविवारी म्हणायचे तसंच, तेवढ्याच चटकन. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि ते तसेच कठडा धरून उभे राहिले. मी आत डोकावले तर आईंचा पिठाचा हात तोंडावर, गालभर पीठ. माझा नवरा शेजारच्या खोलीतून येऊन विचारायला लागला की आबांना कोण बोलवतंय. त्याला मी नावानं हाक मारून गप्प बसवलं, आणि चक्क त्याला ऐकू आलं.

मतदान एव्हाना बंद झालं होतं, मावशींच्या अभिनंदनाचे फुगे ग्रुपवर सुटले होते. आबा आत येऊन बसले, चष्मा लावला, आणि एका बोटानं फार जपून जोडलेले हात काढून बदाम टाकला. आता तो धरणार नाहीत, हे मी सांगितलं नाही.

"ऐकलंस का गं?" त्यांनी मला हळूच विचारलं.

ऐकलं म्हटलं.

"राव नाय लावलं."

"नाही लावलं, आबा."

त्यांनी फोन चार्जिंगला लावला, वायर सरळ केली, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. "दादापन लावत नव्हता," ते म्हणाले.