भोंगा काढणार न्हाई

मंडळी, आज सकाळी आमच्या जुन्या बँडची कच्ची रेकॉर्डिंग नेटवर टाकली. मुदखेडला स्टेशनाजवळच्या गोदामात आम्ही चौघं दणकून गिटार वाजवत गोड चालींची गाणी करायचो. सगळ्यांना डीजे पाहिजे होता, आम्हाला कुणी विचारलं न्हाई.

दुपारी पुण्याहून एका साउंडवाल्याचा फोन. "दादा, गाणी भारी आहेत. फक्त प्रत्येक गाण्याआधी रेल्वेचा भोंगा येतो, तो मी कापून देतो."

मी म्हणलं, "हात लावू नको! आमच्याकडं ट्यूनर नव्हता. गाडीनं भोंगा दिला की त्याच सुरात गिटारी लावून आम्ही लगेच रेकॉर्ड करायचो. इंजिन बदललं की गाण्याची पट्टी बदलायची."

भोंगा राहणार म्हणजे राहणार. तेव्हा आम्हाला सूर द्यायला दुसरं कोण आलं होतं, सांगा बरं?