धुतलेलं आवार

नाशिकहून सकाळची गाडी धरली तेव्हाच अंग मोडून आलं होतं. कारखान्यांतल्या कामगारांना एकच गोष्ट शिकवत मी सहा वर्षं हिंडतोय. आवारात सांडलेलं तेल, रंग, प्लास्टिकचे दाणे पावसाच्या गटारात जाऊ देऊ नका, ते गटार थेट नाल्याला मिळतं. बोलून बोलून माझं मलाच विटायला झालंय. चाळीसगावला चहा घेतला, तोही पाकासारखा गोड.

जळगावला प्लास्टिकच्या चटया विणणाऱ्या कारखान्यात पाय ठेवला आणि सपशेल आडवा झालो. आवार ओलंचिंब होतं. सुपरवायझर पाटलांनी हात देऊन उठवलं. पाहुणे येणार म्हणून सकाळपासून पाइप लावून धुतलंय, असं ते कौतुकाने सांगत होते. मी पँट झटकत छान, छान म्हणालो. सवयच ती.

जेवायला वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) होती. तासभर थकवा विसरलो. वाढायला झाडलोट करणाऱ्या वत्सलाअक्का होत्या. त्यांचं गाव कारखान्यामागच्या नाल्याच्या काठी. विहिरीच्या पाण्याला वर्षभर वास येतो, नातवंडांच्या अंगाला खाज सुटते, म्हणून हंडे घेऊन लांब जावं लागतं, असं त्या वाढता वाढता बोलून गेल्या.

जेवणानंतर सगळ्यांना गटारापाशी नेलं आणि झाकण काढलं. पाण्यावर तेलाचा तवंग होता, त्यात प्लास्टिकचे रंगीत दाणे. हे कुठे जातं, मी नेहमीचा प्रश्न विचारला. मग अक्का पुढे आल्या.

“भाऊ, तुम्ही येनार म्हनीसन मीच बठ्ठं आंगन धोयं. हाई पानी आमनी विहिरमा जास का?”

“हो, अक्का.” दुसरं काय सांगणार होतो?

अक्का तिथेच खाली बसल्या आणि जाळीला अडकलेले दाणे हाताने वेचून पोत्यात भरू लागल्या. मला भयंकर ओशाळल्यासारखं झालं. उरलेला वर्ग तिथेच, उकिडवं बसून झाला.

धुळ्याच्या बसमधून, पारोळ्याच्या पुढे, दुसऱ्या दिवशीच्या कारखान्यात फोन केला आणि आवार धुऊ नका म्हणालो. पाहुण्यासमोर असं घाणेरडं कसं ठेवायचं, म्हणून तिथले मॅनेजर चांगलेच अवघडले. पण त्यांनी ऐकलं. धुळ्याचं आवार कोरडं, धुळीने माखलेलं, तेलाचे डाग जिथल्या तिथे. सांडलेल्या तेलावर भुसा टाकून ते कसं टिपायचं, हे मी पहिल्यांदाच खऱ्या डागावर दाखवलं.

परतीच्या गाडीत अहवाल लिहायला घेतला. सहा वर्षं माझी पहिली ओळ ठरलेली आहे : आवार स्वच्छ धुतलेलं आढळलं. शाबासकी म्हणून लिहायचो. किती गावांच्या विहिरींत माझ्या स्वागताचं पाणी उतरलं असेल, कोण जाणे. जळगावच्या अहवालात ती ओळ मी लिहिली नाही. नाल्याकाठची विहीर ताबडतोब तपासावी, असं लिहिलं. ती नासवण्यात माझाही हात आहे, हेही लिहिलं आणि खाली सही केली.