अक्का गप्प झाल्या की

अक्का बोलत असल्या की काळजी नसायची. गप्प झाल्या की मात्र माणसं धास्तावायची. भडगावात आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणींना तेल लावायला त्या यायच्या. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. पण कुणाला उन्हात उभं करून, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि त्या गप्प झाल्या, की समजावं. शेजारच्या आबांना त्यांनी असंच पाहिलं आणि काही न बोलता तेलाची वाटी उचलून निघून गेल्या. होळीच्या आत आबा गेले. तेव्हापासून चांगली धडधाकट माणसं अक्का दिसल्या की सावलीला सरकायची.

ऊन म्हणजे त्यांचं दैवत. थंडीत सकाळी आठला त्या बायकांना गच्चीवर हाकलायच्या आणि पाय पसरून बसवायच्या. काचेच्या खिडकीतलं ऊन त्यांना मान्य नव्हतं. "ते दखावानं शे, खावानं नही," म्हणायच्या. आईचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. अक्कांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "दवाखानावाला ऊनच गोळीमा भरीसन इकतस, माय. गच्चीवर फुकट शे." आईने गोळ्याही घेतल्या आणि ऊनही खाल्लं, दोन महिन्यांत जिना चढायला लागली. श्रेय अर्थात सगळं उन्हाला. अक्का गेल्या त्याला आता वर्ष होईल. आई अजून आठ वाजता गच्चीवर असते.

अक्का होत्या तेव्हाच माझं बाळंतपण माहेरी झालं. मुलगा तिसऱ्या दिवशी घरी आला तो जरा पिवळसर. पिवळेपणा वाढला तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई म्हणाली, "कोवळ्या उन्हात धरू, उतरेल. तुझंही असंच उतरलं होतं, अक्कांनीच धरलं होतं तुला." मोबाइलवर मीही तेच वाचलं. सकाळी दहा मिनिटं आम्ही त्याला ऊन दाखवायचो आणि मग पडदे लावलेल्या खोलीत, पिवळ्या दिव्याखाली निजवायचो. त्या उजेडात आम्ही सगळेच पिवळे दिसत होतो. पोर दूध ओढता ओढता झोपून जायचं, रडायचंही नाही, आणि मी सगळ्यांना सांगत होते की किती गुणी आहे. एम.एस्सी. होऊन हा उजेड पाडला मी.

अक्का लग्नाला साक्रीला गेल्या होत्या, त्या पाचव्या दिवशी आल्या. गच्चीवर उन्हात बसून त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं. लग्नातल्या जेवणाला नावं ठेवत त्यांनी अंगठ्याने त्याचं कपाळ दाबून पाहिलं, मग छाती, मग पोट. तळपायाशी आल्या, तोही दाबल्यावर पिवळाच दिसला आणि बोलणं थांबलं.

"अक्का, अजून दोन-चार दिवस ऊन देऊ ना?" आईने विचारलं.

अक्कांनी बाळाला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "हाई उन्हनं काम नही शे. जळगावले लई जा. आत्तेच."

आई म्हणाली, आधी जावयांना फोन तरी करू. अक्कांनी ऐकून घेतलं नाही. त्या वयात दोन-दोन पायऱ्या उतरत स्वतःच गाडी बघायला गेल्या.

जळगावच्या दवाखान्यात मुलाला निळ्या दिव्याखाली तीन दिवस ठेवलं. आणखी एक दिवस गेला असता तर कावीळ मेंदूपर्यंत गेली असती, असं डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर अक्का पुन्हा तेल लावायला आल्या. मी म्हटलं, "अक्का, सगळ्या जगाला तुम्ही ऊन खायला सांगता. मग त्या दिवशी ऊन नको असं का म्हणालात?"

त्या वाटीतलं तेल तळहातावर चोळत राहिल्या.

"तू उन्हमा बरी व्हयनी ना," म्हणाल्या. "ते दखीसन, दोन महिनानंतर मन्हा पोऱ्याले बी मी आठ दिन उन्हमाच ठेवं."

अक्कांना मूलबाळ नाही, एवढंच मला माहीत होतं. आई मान खाली घालून दुपट्यांच्या घड्या करत होती.

"आते तुन्हाएवढा ऱ्हाता," अक्का म्हणाल्या आणि माझ्या मुलाचा पाय हातात घेऊन तेल लावायला लागल्या.