बासरच्या वाटेवरचा पिवळा दिवा

गुडीहत्नूर मागे पडलं आणि वेगाच्या काट्याशेजारी इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. दुसऱ्या कुणाला गाडीची काळजी वाटली असती. मला वाटलं, देवी रागावली.

तिला रागवायला कारणही होतं. माझी लेक तीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. आदिलाबादच्या आमच्या साडीच्या दुकानात बायका विचारायच्या, आणि मी घातलेल्या घड्या पुन्हा मोडून घालत बसायची. शेवटी बासरच्या सरस्वतीला नवस बोलले: पोरीला बोलू दे, लगेच तुझ्या दारी येऊन तिच्या हातून पहिलं अक्षर काढवीन, तिचा अक्षराभ्यास करीन. श्रावणात पोरगी "आई, भूक" म्हणाली. त्यानंतर दुसरा श्रावणही येऊन गेला, पण माझं 'लगेच' काही उजाडलं नाही. आधी लग्नसराई, मग नवी गाडी घेऊन तिच्यातूनच जाऊ हा हट्ट. देवीला ताटकळत ठेवायचं धाडस माझ्यात कुठून आलं, कोण जाणे. दसऱ्याला गाडीची पूजा केली आणि चौथ्या दिवशी एकदाचे निघालो, तर हा दिवा.

इचोड्यापर्यंत मी बैलगाडीसारखी गाडी हाकली. मागे लेकीला मांडीवर घेऊन बसलेले हे म्हणाले, "काऊन घाबरून राह्यली तू? गाडी तर बरोबर चालून राह्यली." मी म्हटलं, परत फिरू, देवीची इच्छा नाही. ढाब्यावर थांबलो. दुपारच्या आत मंदिरात पोचायचं होतं आणि मी नळापाशी उभी राहून रडत होते. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटलं की पोरीची वाचा परत जाणार.

नळाशेजारच्या बाकावर एक ताई इडली खात होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं वं बाई?" मी सगळं सांगून टाकलं, नवसासकट. त्या आयटीआयमध्ये मुलांना मोटारीचं काम शिकवत. हात धुऊन त्यांनी पर्समधून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, स्टिअरिंगखालच्या खाचेत बसवलं आणि मोबाइलवर उमटलेला बिघाडाचा कोड वाचला.

"इंजिनले काही झालं नाही. टाकीतली पेट्रोलची वाफ बाहेर निघून राह्यली, म्हणून दिवा लागला. प्रदूषण होऊ नये म्हणून ते वाफ आतच राहाले पाह्यजे," त्या म्हणाल्या. "कोड आला म्हणून लगेच पार्ट बदलाचा नसते. पहिले झाकण पाहाचं."

पेट्रोलच्या टाकीचं झाकण त्यांनी फिरवून काढलं आणि मोठ्यानं हसल्या. झाकणाला लाल-पिवळी नाडाछडी गुंडाळलेली होती. गुंडाळणारी मीच! दसऱ्याला स्टिअरिंगला बांधली, आरशाला बांधली, चारही दारांना बांधली, आणि पेट्रोल म्हणजे गाडीचं अन्न, त्याला कसं वगळायचं, म्हणून तिथेही तीन वेढे दिले. गाठ नेमकी रबरी कड्याखाली अडकली होती आणि झाकण घट्ट बसत नव्हतं. हे पोट धरून हसायला लागले. लेकही हसली, का ते न कळता.

ताईंनी कात्री मागितली नाही. एकेक वेढा सोडवून दोरा माझ्या हातात दिला. कडं पुसलं, कुठे फाटलंय का पाहिलं, टकटक वाजेपर्यंत झाकण फिरवलं आणि कोड पुसला. दिवा गेला. "आत्ता गेला म्हणून खरं नका मानू. दोन-चार दिवस चालवा. परत नाही आला, तर काम झालं."

मी पाया पडायला वाकले, तर त्यांनी दोन्ही दंड धरून उभं केलं. "मी जयभीमवाली, बाई. नवस-बिवस नाही करत मी. पण पोरगी अक्षर शिकाले चालली ना? मंग बिनघोर जा."

ढाब्यावर शंभर माणसं असतात. त्यात या ताईच नेमक्या त्या बाकावर का बसलेल्या असाव्यात, याचा मी पुष्कळ विचार केला आणि मग सोडून दिला. सरस्वतीआईनं मला हाक मारली, एवढं मला पुरे आहे.

मंदिरात आम्ही वेळेत पोचलो. पुजाऱ्यांनी लेकीला माझ्या मांडीवर बसवलं, समोर ताटात तांदूळ पसरले. तिचं बोट माझ्या मुठीत घेऊन मी श्री काढायला लागले. इतकं जपून, इतकं घट्ट, की बोट लाल झालं. चुकलं तर देवी पुन्हा रागावेल ही भीती अजून होतीच. पोरीनं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, हात सोड ना. मी काढते."

मी सोडला. तिनं तांदळात एक वाकडीतिकडी रेघ ओढली. पुजारी तेलुगूत म्हणाले, "बागुंदी," छान झालंय. मी देवीकडे पाहिलं आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे काहीच मागितलं नाही.