आमच्या ओसरीवरून विलायतेला

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. माणसं येतात, आपापलं काम उरकून जातात आणि किस्सा तेवढा मागे राहतो! माझ्याकडे असा ढीग साठला त्याचं कारण एवढंच, की मी मालवणच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो आणि घरी एक टाइपरायटर होता. पन्नास-साठच्या त्या वर्षांत आमच्याकडची पोरं मुंबईत पदवी घेऊन पुढे विलायतेला जाऊ लागली. फॉर्म भरायला ती माझ्याकडे यायची आणि साहेबी रीतभात शिकायला दाजींकडे. दाजी म्हणजे माझे शेजारी. तीस वर्षं बोटीवर साहेबांना जेवण वाढून निवृत्त झालेले. शिकवणी आमच्याच ओसरीवर चालायची.

*

पहिला उमेदवार अरविंद, कट्टा गावच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. हुशार, पण बोलायला लाजरा. मुंबईला स्कॉलरशिपचा इंटरव्ह्यू होता. मी त्याच्याकडून उत्तरं घोटून घेत होतो, तेवढ्यात दाजी म्हणाले, "मास्तरांचा सगळा इसर. सायबान काय पण सांगूदे, आपण 'व्हेरी गुड, सर' म्हणाचा. तीस वर्सां माका कोणी कामावरसून काढूक नाय!"

पोराने नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं.

इंटरव्ह्यूत अध्यक्ष म्हणाले, "तुमच्यापेक्षा जास्त मार्कांची चार मुलं बाहेर बसली आहेत."

"व्हेरी गुड, सर!"

"तुमची निवड आम्ही का करावी, तेच मला कळत नाही."

"व्हेरी गुड, सर!"

अध्यक्षांना हसू आवरेना. शेजारच्या सभासदाला म्हणाले, "परदेशात हा मुलगा कशानेही खचायचा नाही. लिहा याचं नाव!"

तार आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. दाजी मात्र सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "मगे? मी काय सांगललंय?"

*

आता अरविंदला कोट हवा. कट्ट्याच्या शिंप्याने जन्मात कोट शिवला नव्हता. पण गडी धीराचा! म्हणाला, "फोटो दाखवा, हुबेहूब शिवतंय." मी एका जुन्या मासिकातला साहेबाचा फोटो दिला.

बोट सुटायच्या चार दिवस आधी कोट हातात आला. पुढून बघितला तर थेट लंडनचा! मग अरविंद वळला. पाठीमागे चुण्या घातलेला चक्क सदरा!

"अरे, ह्या काय?" दाजी ओरडले.

शिंपी म्हणाला, "तुमच्या फोटोत पाठ खंय दिसता?"

दुसरा शिवायला वेळ नव्हता. अरविंद तसाच गेला. मला खाणंपिणं सुचेना. पोराचं हसं होणार! दोन महिन्यांनी पत्र आलं: 'गुरुजी, मी इथे कोणालाही पाठ दाखवत नाही. प्रोफेसरांच्या खोलीतून निघतो तो उलटा चालत. ते सगळ्यांना सांगतात, हिंदुस्थानी मुलांचा नम्रपणा बघा!'

*

दुसरा वासुदेव, मिठबावचा. वडील होडीवाले, आई मासे विकायची. पोरगा मासळीचं शास्त्र शिकायला इंग्लंडला निघालेला. पासपोर्टच्या चौकशीला एक हवालदार मिठबावला गेला आणि संध्याकाळी घाम पुसत माझ्या ओसरीवर येऊन बसला.

"मास्तर, त्या गावात वासुदेव नावाचा कोणी माणूसच नाही!"

"अहो, असं कसं?"

"वीस जणांना विचारलं. कोणी त्याला ओळखत नाही. त्याच्या घरी गेलो, तर आई म्हणते, माका झीलच नाय! मुलगाच नाही म्हणे!"

मी दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. पकडून मिठबाव गाठलं. झालं होतं असं, की पोलीस नाव विचारतोय म्हणजे वासूने काहीतरी भानगड केली, असं समजून अख्ख्या गावाने त्याला लपवला होता. वासू स्वतः माडाच्या बागेत नारळांच्या राशीमागे बसला होता!

आईला सगळं समजावलं. ती माऊली त्याच पावली निघाली, माझ्याबरोबर मालवणला आली आणि हवालदारापुढे उभी राहिली. "लिवन घेवा. झील माझोच. काल नाय व्हतो, आज आसा!"

हवालदाराने लिहून घेतलं. पासपोर्ट आला. सुटलो एकदाचे!

*

याच वासूचं पुढे पत्र आलं. तिथल्या प्रोफेसरांना कळलं, की याचे वडील चाळीस वर्षं बांगडे धरतायत. त्यांनी मोठ्या आदराने विचारलं होतं: काही वर्षी बांगडा किनाऱ्याला भरपूर येतो, काही वर्षी येतच नाही, याचं कारण आपल्या अनुभवाने काय वाटतं?

मी मिठबावला जाऊन ते पत्र वासूच्या वडलांना वाचून दाखवलं. ते जाळं शिवत होते. सुई थांबवून त्यांनी थोडा विचार केला.

"मास्तर, त्येंका लिवा, ता माका म्हायत असता तर मी झिलाक तुमच्याकडे शिकूक कित्याक धाडलो असतो?"

मी शब्दशः इंग्रजी करून पाठवलं. प्रोफेसरांनी म्हणे ते खोलीत भिंतीवर लावलं.

*

सुलभा धामापूरची. मुंबईला डॉक्टर झाली होती, पुढच्या शिक्षणासाठी विलायतेत जागाही मिळालेली. आई लहानपणीच गेली. घरी बाप-लेक दोघंच. फॉर्मवर वडलांची सही हवी होती, पण ते, म्हणजे आबा, ना हो म्हणत ना नाही. कळवायची तारीख तोंडावर आली तेव्हा म्हणाले, "देवीक इचारूया."

आबा, सुलभा, दाजी आणि मी देवळात गेलो. गुरवाने कौल घ्यायला देवीच्या दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घातलं, "आई, चेडवाक परदेशाक धाडूचा काय?"

डावी पडली.

सुलभा रडली नाही. "बरां," एवढंच म्हणाली आणि चपला घालायला बाहेर वळली. आबा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मग गुरवाला म्हणाले, "परत लाव."

"आबानू, एकदा कौल झालो. तोच प्रश्न परत इचारूचो नसता."

"तोच खंय इचारतंय? दुसरो आसा." त्यांनी स्वतःच हात जोडले. "आई, मगे हिका माझ्याकडे घरात ठेवू?"

कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग पाकळी पडली. डावीच!

गुरव डोकं खाजवू लागला. "आता ह्येचो अर्थ काय लावचो?"

आबांनी पंच्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, सही खंय करूची ता दाखवा."