येशूला केलेला नवस आणि पॅकिंग हाऊसचे गमबूट

ऑडिटवाला साहेब माझ्या पायाकडे बघत होता आणि मी त्याच्या पेनाकडे. उजव्या पायाला मी प्लास्टिकची पिशवी बांधली होती, वरून रबर लावलं होतं. पिशवीतून लालसर पाणी निघून ओल्या फरशीवर पसरत होतं.

"हे काय आहे?" साहेब बोलला.

तो किरण भाऊंकडे वळला. किरण भाऊ म्हणजे आमचे सुपरवायझर. त्यांचा चेहरा असा झाला की त्यांनाच आता पंख्याखाली निजवावं लागेल.

"रिबका, बूट कुठे आहे तुझा?"

"रॅकवर."

"आणि पाय इथे? बूट रॅकवर आणि पाय इथे?"

आमचं पॅकिंग हाऊस सावद्याजवळ आहे. बागेतून केळीचे घड येतात. माणसं वाकड्या सुरीनं घडाच्या फण्या काढतात, फण्या पाण्याच्या टाकीत पडतात. केळीला चीक असतो, तो धुतला नाही तर सालीवर काळे डाग पडतात. मग दुसरी टाकी, तुरटीच्या पाण्याची. मग पंखा, वजन, खोकं, आणि खोकं थंड कंटेनरमध्ये. मी ग्रेडिंगला. म्हणजे फणी बघायची आणि सांगायचं, ही बाहेरच्या देशात जाईल, ही इथल्या बाजारात, ही रिजेक्ट. दिवसभर तेच. मी आठवी शिकलेली, पण केळीवरचा डाग मला लांबून दिसतो.

तर फरशी कायम ओली. चीक, तुरटी, सालीचे तुकडे. म्हणून सगळ्यांना पांढरे गमबूट दिलेले. रोज कोणी घालत नव्हतं, खरं सांगते. पण ऑडिट असलं की घालायचेच. ऑडिट म्हणजे माल घेणाऱ्याचा माणूस येतो आणि बघतो की सगळं स्वच्छ आहे की नाही. नाही म्हटला तर कंटेनर उभा. कंटेनर उभा तर साठ बाया घरी.

आणि मी अनवाणी. कारण माझा नवस होता.

माझा मुलगा शमुवेल, शमू, तीन महिन्यांचा असताना तापानं त्याला झटके आले. जळगावला घेऊन गेलो. त्याचे डोळे वर गेले होते. डॉक्टर मला बाहेर काढत होते, मी दरवाजा सोडेना. मग व्हरांड्यात फरशीवर बसून मी बोलली, येशू, याला वाचव, हा वर्षाचा होईपर्यंत मी पायात काही घालणार नाही. कोणी मला सांगितलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. लहानपणापासून गल्लीत बघत आली ना, नवरात्रात बाया अनवाणी राहतात. देव बदलला तरी बोलायची पद्धत तीच राहिली माझी.

शमू वाचला.

मग मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पास्टर बोलले, पाहा, काय विश्वास आहे या बहिणीचा. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? मला आयुष्यात कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. आमच्या मंडळीत सगळेच चपला दाराबाहेर काढतात, आत गेल्यावर कोण नवसाची आणि कोण साधी ते कळत नाही. म्हणून मी लवकर जायची आणि बाहेर फाटकापाशी उभी राहायची. उन्हाचे चटके बसायचे. बाया यायच्या, माझे पाय बघायच्या, माझ्या डोक्यावर हात ठेवायच्या.

आणि भीती! ती तर विचारूच नका. एकदा अंधारात चुकून सासूच्या चपलेवर पाय पडला तर मी दिवसभर शमूचं कपाळ चाचपत बसली. आत पाय घातला नव्हता, नुसता पडला होता. तरी.

ऑडिटच्या आठ दिवस आधी फण्या काढायची सुरी खाली पडली आणि माझ्या अंगठ्याला लागली. मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर बूट घाल म्हणतील. पिशवी बांधली आणि उभी राहिली. तुरटीचं पाणी आत जायचं. आग आग व्हायची. मला वाटायचं, बरंय, देव बघतोय.

देव बघत होता की नाही माहीत नाही, ऑडिटवाल्यानं बघितलं.

"बाई, बूट का घातले नाहीत?" साहेबानं विचारलं.

"नवस आहे."

"कोणत्या देवीचा?"

"येशूचा."

सगळी लाईन थांबली. मग वजनाच्या काट्यापाशी कोणीतरी फिसकन हसली.

किरण भाऊंनी डोक्यावरची जाळीची टोपी काढली आणि परत घातली. "तुमच्यात असतं का हे?"

"माझ्यात आहे."

"अगं, तुमच्यात तर काहीच नसतं म्हणतात ना! उपास नाही, सोवळं नाही, मी तर म्हणायचो बरंय या लोकांचं, सुटले! आमची आई नवरात्रात अनवाणी असते, पण शेतात जाताना तीसुद्धा घालते. देवीला सांगते, काटे आहेत बाई, समजून घे. तुमचा देव आमच्या देवीपेक्षा कडक आहे का?"

मला रडू आलं. मी बोलली, "भाऊ, मला काढून टाका पण बूट घालायला लावू नका. माझं पोरगं मरेल."

साहेबानं घड्याळ बघितलं. "फरशीवर रक्त आहे. हा सगळा पट्टा बंद. टाकी रिकामी करा, इथला माल बाजूला काढा. आणि ही बाई बूट घालेल किंवा बाहेर जाईल. तोपर्यंत मी सही करणार नाही."

बाहेर जायला मी तयार होती. पण किरण भाऊंना माणूस कमी पडत होता, ग्रेडिंगला त्या दिवशी दोनच जणी. त्यांनी मला विचारलं, तुमच्या पास्टरचा नंबर दे. मी दिला. त्यांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, सगळ्या साठ बायांपुढे. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"पास्टर साहेब, तुमच्या रिबकाला बूट घालायला सांगा. कंटेनर उभा आहे."

पास्टर बोलले, "रिबका, बाळा, तुझी साक्ष फार मोठी आहे. लोक तुझ्याकडे बघून विश्वासात उभे राहतात. घाईत मोडू नकोस. असं कर, त्याऐवजी एकवीस दिवस उपास धर, प्रार्थना कर, मग बूट घाल."

"एकवीस दिवस?" किरण भाऊ ओरडले. "साहेब, केळी आहेत, लोखंड नाही!"

"बरं, तीन दिवस."

किरण भाऊ फोनकडे बघतच राहिले. मीही. एकवीसचे तीन कसे झाले, ते मला कळलं नाही. आणि दूध पाजणारी बाई मी. उपास धरला तर शमूच उपाशी.

इतक्यात टाकीजवळून अक्का आली. ही अक्का आमच्याच मंडळीतली. सासूच्या वयाची, टाकीत फण्या धुते. मंडळीत मागच्या भिंतीला टेकून झोपते, साक्ष कधी देत नाही. आम्ही प्रार्थनेच्या बाया तिला मनातून विश्वासात थंड समजायचो. तिनं येऊन किरण भाऊंच्या हातातला फोन बंद केला. पास्टर बोलत होते, तसाच.

"बस इथे," ती मला बोलली आणि उलट्या क्रेटवर बसवलं. पिशवी फाडली. अंगठा बघून तिच्या तोंडातून शिवी निघाली, ती मी लिहीत नाही.

"अक्का, नवस मोडला तर..."

"गप. मला एक सांग. शमूला रोज पाजते ना?"

"हो."

"उद्या तो मोठा होऊन तुला म्हणाला, माय, तू मला पाजलं, म्हणून मी आता वर्षभर उन्हात अनवाणी उभा राहतो, पायाला जखम करून घेतो, मग आपली फिट्टमफाट. तू काय करशील?"

"कानाखाली देईन."

"का?"

"का म्हणजे? माझं पोरगं आहे ते! मी काय परत मिळायला पाजते का?"

अक्कानं प्यायच्या पाण्याच्या जारमधून तांब्याभर पाणी आणलं आणि माझा पाय धुवायला लागली. माझा पाय तिच्या मांडीवर. त्याला वास येत होता. मला लाज वाटली, मी पाय ओढला, तिनं परत ओढला. "मला फार काही कळत नाही," ती बोलली, "मी आपली झोपते मंडळीत. मला तिथे झोप लागते. घरी नाही लागत, घरी भीती असते. त्याच्या घरात कसली भीती? तो क्रूसावर गेला तेव्हा तू काय केलं होतं? जन्मली पण नव्हती. मग आता कशाचं फेडते?"

"आवरा," साहेब बोलला. पण पेन खिशात ठेवलं होतं त्यानं.

किरण भाऊंनी मलमपट्टी आणली, स्वतःचे मोजे काढून दिले. अक्कानं रॅकवरून बूट आणले. मी डावा पाय घातला आणि लगेच घरी फोन केला. सासू धुळ्याकडची, तिची बोली अहिराणी, 'शे' म्हणजे 'आहे'.

"शमू कसा आहे?"

"झोपेल शे. काय व्हयनं?"

"काही नाही."

उजवा पाय घातला. परत फोन.

"आता कसा आहे?"

"अवं, आत्तेच सांगं ना तुले, झोपेल शे! काम नई का तुले?"

कंटेनर दुपारी जायचा तो संध्याकाळी गेला. आमच्या पट्ट्यावरचा माल इथल्या बाजारात गेला. किरण भाऊंनी मला काढलं नाही, पण पाण्यापासून उठवून खोकी घडी करायला बसवलं. आणि दर तासाला येऊन बोलायचे, "आहे ना बूट? दाखव." शाळेतल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूचा फोन. "पोऱ्यानं आंग तपी ऱ्हायनं. मी सांगेल व्हतं ना, नवस मोडू नको."

मी खोकं टाकलं आणि पळाली. रिक्षा मिळेना. घरी गेली, शमूला उचललं, तो विस्तवासारखा. सासू दारातून ओरडत होती, काढ ते बूट, काढ आधी. बाजारातून दवाखान्यापर्यंत मी पळत गेली. गमबुटात पळता येत नाही, फट फट आवाज येतो, लोक बघत होते. सगळ्या रस्त्यात माझं मन एकच बोलत होतं, काढ, फेक नाल्यात, अजून वेळ आहे, माफी माग. मी दोनदा थांबली. दुसऱ्यांदा वाकली पण. मग मला राग आला. कोणाचा ते माहीत नाही, सगळ्यांचाच. मी मोठ्यानं बोलली, "येशू, माझ्याकडे द्यायला काही नाही. मी काही देत नाही. पोरगं तुझं पण आहे, तू बघ." केळीच्या गाडीवरचा माणूस दचकला.

दवाखान्याच्या दारात कंपाउंडर बसला होता. "ओ ताई, बूट बाहेर काढा."

"नाही काढत!"

"अहो, सगळेच काढतात. आत फरशी पुसलीय."

"मी सांगितलं ना, नाही काढत! काहीही होवो, नाही काढणार!"

तो घाबरलाच. आतून डॉक्टर बोलले, येऊ दे रे तिला. मी गमबूट घालून, चिखल करत, आत गेली. डॉक्टरांनी शमूचा घसा बघितला, कान बघितले, हिरडीवर बोट फिरवलं. शमू चावला त्यांना.

"घसा लाल आहे. आणि दात येतोय. औषध देतो, ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा. ताप चढू देऊ नका, आधी झटके आलेत त्याला. उद्या परत दाखवा."

"डॉक्टर, मी बूट घातले म्हणून तर नाही ना?"

डॉक्टरांनी माझ्या पायाकडे बघितलं, मग फरशीकडे. "बुटानं फक्त माझी फरशी खराब झाली," ते बोलले. मग माझं लंगडणं बघून त्यांनी माझाच पाय टेबलावर घेतला आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. अजून दोन दिवस ठेवला असता तर अंगठा गेला असता, असं बोलले. शेवटी नख गेलं, तेवढ्यावर भागलं.

शमूचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. झटका आला नाही. तो आला असता तर मी आज हे असं लिहिलं असतं का, मला माहीत नाही. पण त्या रस्त्यावर मी देवाला काही कबूल न करता पळाली, तेवढं खरं आहे. आधी तसं कधी पळाली नव्हती.

रविवारी चप्पल घालून मंडळीत गेली. फाटकापाशी थांबली नाही. पास्टरांनी साक्षीला बोलावलं. मी बोलली, "मी नवस मोडला. येशूनं तो मागितलाच नव्हता. पोरगं बरं आहे, आणि नसतं तरी मी येशूचीच राहिली असती." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पास्टर बोलले, "आमेन. पण बहिणींनो..." त्यांचं ते 'पण' अजून चालू आहे. मी मागे जाऊन अक्काजवळ बसली. ती घोरत होती.

आता कोणी नवीन बाई कामाला आली की किरण भाऊ तिला माझ्याकडे पाठवतात, बुटाचं हिला विचार म्हणून. मी दोनच गोष्टी सांगते. कामावर लागलं तर त्याच दिवशी सांगायचं, पिशवी बांधायची नाही. आणि बुटात मोजे घालायचे, नाहीतर टाच सोलते.