माथ्यावरचा बहावा

चैत्रातल्या एका रविवारी माझी पत्नी वारली. सकाळी ती टेकडीवर गेली होती. दुपारी मला दवाखान्यातून फोन आला.

टेकडी डोंबिवलीच्या बाहेर आहे. दर रविवारी दहाबारा माणसं तिथं जमतात, घाणेरीची झुडपं मुळापासून उपटतात, देशी झाडं लावतात, उन्हाळ्यात कॅन वाहून त्यांना पाणी घालतात. पत्नी त्यांच्यात होती, मी नव्हतो. मी घरी वाचत बसायचो आणि ती आली की चहा टाकायचो. माथ्यावरच्या मोकळ्या गवतात एकही झाड लावायचं नाही, यावरून ती सगळ्यांशी भांडते, एवढं मला त्या चहाबरोबर कळायचं. त्या गवतात चंडोल जमिनीवरच अंडी घालतात.

या मंडळींची एक रीत आहे. आपल्यातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने झाड लावायचं. पावसाळ्यात त्यांनी मला बोलावलं. खड्डा माथ्यावर, गवतातच खणला होता, कारण काम संपल्यावर ती तिथं बसायची. बहाव्याचं रोप, आधाराला उंच बांबू, भोवती जाळी. मी माती लोटली. कुणाच्याच काही लक्षात आलं नाही.

मग मीही रविवारी जाऊ लागलो. पाणी घालून झालं की बहाव्याजवळ बसायचो. घरी कुणाशी बोलणं होत नसे. तिथंही फारसं होत नसे, पण जायला जागा होती.

पुढच्या उन्हाळ्यात बहाव्यापासून जरा अंतरावर मला चंडोलाचं घरटं दिसलं. गवताच्या आडोशाला एक वाटी, तीत अंडी. त्यानंतरच्या रविवारी बांबूच्या टोकावर कावळा बसला होता आणि वाटी रिकामी होती. त्या गवतात कावळ्याला बसायला दुसरी उंच जागा नव्हती.

मी लगेच कुणाला बोललो नाही. रोपाला पालवी फुटली होती. शेवटी सांगितलं, की पाऊस लागला की हे खाली ओढ्याकाठी हलवू.

गटातल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "काका, असं कसं काढायचं? काकूंचं झाड आहे ते."

"ती असती तर तुम्हाला इथं लावू दिलं असतं का?"

त्यांनी बांबूच्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आधी माझ्या हातातलं फावडं घेतलं असतं. आणि मग आठवडाभर ग्रुपवर झापलं असतं सगळ्यांना."

श्रावणात मुळांभोवतीची माती न फोडता आम्ही रोप खाली नेलं. ते जगलं नाही. दुसरं लावू या का, असं शिक्षिकाबाईंनी विचारलं. मी नको म्हटलं.

बांबू काढला, खड्डा बुजवला. आता माथ्यावर गवत आहे. तिच्या नावाचं तिथं काही नाही.